छोटा ट्रॅक्टर घेताना : अश्वशक्तीच्या आधी वजनाचा विचार

कुळवाची पाळी घालताना पास जमिनीत नीट शिरत नाही असे दिसले, की शेतकरी दिंडावर धोंडा ठेवतो किंवा स्वतःच त्यावर उभा राहतो. गाडी भरताना ओझे मागे गेले तर ती उलाळ होते व पुढे आले तर धुरजड होऊन सारा भार बैलांच्या मानेवर पडतो, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. वजन कोठे ठेवावे, किती ठेवावे आणि केव्हा काढून घ्यावे हे ज्ञान महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेले आहे. नवल एवढेच, की तोच शेतकरी कर्ज काढून ट्रॅक्टर घ्यावयास निघतो, तेव्हा हे ज्ञान घरी ठेवून जातो. दुकानात त्याचा पहिला प्रश्न 'किती एच.पी.चा?' हा असतो, दुसरा 'किती सूट?' हा असतो, आणि तिसरा बहुधा नसतोच.

हा तिसरा प्रश्न वजनाचा व जोडसामानाचा आहे. तो न विचारल्यामुळे डिझेल वाया जाते, जमीन दडपते, टायर झिजतात, आणि प्रसंगी माणूस जिवास मुकतो. म्हणून त्याचा विचार सवडीने नव्हे, तर पैसे देण्यापूर्वीच झाला पाहिजे.

२०१५-१६ च्या कृषि गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिवाट १.३४ हेक्टर इतकी लहान झालेली आहे. अशा जमिनीवर, आणि विशेषतः नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत, सोलापूरकडील डाळिंबबागांत, उसाच्या रुंद सरीत व कपाशीच्या ओळींमधून पंधरा ते तीस अश्वशक्तीचा अरुंद, बुटका ट्रॅक्टर सोयीचा ठरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे जी रक्कम वाचते, ती बहुतेक ठिकाणी अधिक मोठ्या इंजिनावर किंवा शोभेच्या वस्तूंवर खर्च होते. तीच रक्कम योग्य जोडसामानावर व वजनांवर खर्च करणे हे शहाणपणाचे होय.

आधी कामांची यादी, मग यंत्र

ट्रॅक्टरच्या दुकानात जाण्यापूर्वी शेतकऱ्याने घरी बसून एका कागदावर वर्षभरातील कामे लिहून काढावीत. फवारणी किती वेळा, रोटाव्हेटर किती दिवस, कोळपणी व भर लावणे किती, ट्रॉलीने वाहतूक किती, आणि नांगरट किती, हे त्यात यावे. हा कागद तयार झाला, म्हणजे निम्मी निवड झाली असे समजण्यास हरकत नाही.

या यादीतून एक गोष्ट बहुधा ध्यानात येईल. बागाइतदाराच्या छोट्या ट्रॅक्टरचे बरेचसे तास फवारणी, आंतरमशागत व रोटाव्हेटर यांत जातात. खोल नांगरट वर्षातून एकदा, किंवा दोन-तीन वर्षांतून एकदा करावयाची असते. त्या एका कामासाठी मोठे इंजिन घेणे, अथवा छोट्या ट्रॅक्टरवर वर्षभर जड वजने लादून ठेवणे, हे दोन्ही मार्ग तोट्याचे आहेत. खोल नांगरट गावातील मोठ्या ट्रॅक्टरकडून किंवा औजार बँकेकडून भाड्याने करून घ्यावी, आणि छोटा ट्रॅक्टर त्याच्या खऱ्या कामासाठी सजवावा. आपल्या दारी ट्रॅक्टर असताना दुसऱ्याचा कशाला बोलवावा, ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु कर्जाचा हप्ता भावनेने फिटत नाही.

जोडसामानाची निवड

फवारणीचे काम अधिक असेल त्याने पी.टी.ओ.ची चौकशी सर्वप्रथम करावी. ट्रॅक्टर थांबला तरी पी.टी.ओ. फिरत राहील असा दुहेरी किंवा स्वतंत्र क्लच असल्यास ओळीच्या टोकाशी वळताना ब्लोअरचा दाब टिकतो. काही ट्रॅक्टरांत इंजिनाचे फेरे कमी ठेवूनही पी.टी.ओ.ला मिनिटास ५४० फेरे मिळण्याची सोय असते. हलक्या कामात तीमुळे डिझेल वाचते. रोटाव्हेटरसारख्या जड कामास मात्र ती वापरू नये.

रोटाव्हेटर निवडताना इंजिनाची नव्हे, तर पी.टी.ओ.वर मिळणारी अश्वशक्ती पाहावी. इंजिनाची शक्ती गिअरांतून येता येता कमी होते. तसेच रोटाव्हेटरची रुंदी मागील चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा कमी नसावी. नाही तर चाकाने दाबलेला पट्टा तसाच कडक राहतो. याउलट, रोटाव्हेटर फार रुंद घेतला तर यंत्र कण्हू लागते. म्हणून चाकांमधील अंतर, रोटाव्हेटरची रुंदी आणि पिकाच्या ओळींमधील अंतर या तिन्हींचा मेळ एकाच वेळी घालावा. काही ट्रॅक्टरांची मागील चाके उलटी बसवून अंतर कमीअधिक करता येते. ही सोय आहे की नाही, ते विचारून घ्यावे. मात्र अंतर जितके कमी, तितका ट्रॅक्टर बाजूला कलंडण्याचा धोका अधिक, हेही विसरता कामा नये.

हायड्रॉलिक लिफ्टच्या उचलशक्तीचा आकडा दोन ठिकाणी मोजलेला असू शकतो. खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेला आकडा मोठा दिसतो, आणि त्यामागे ६१० मिलिमीटरवर मोजलेला लहान दिसतो. दोन ट्रॅक्टरांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे आहेत याची खात्री करावी. उचलता येते म्हणून ते औजार त्या ट्रॅक्टरला चालते, असेही समजू नये. लिफ्टने औजार वर घेतले आणि पुढची चाके जमिनीवरून सुटली, तर ती उचलशक्ती काय कामाची?

चारही चाकांना शक्ती देणारा ट्रॅक्टर ओलसर काळ्या जमिनीत व उताराच्या बागेत उपयोगी पडतो, यात संशय नाही. परंतु ज्या चाकावर भार नाही ते चाक ओढत नाही. चार चाकांच्या शक्तीसाठी जादा पैसे मोजले आणि मागे जड औजार लावून पुढची चाके अधांतरी ठेवली, तर ते पैसे वाया गेलेच म्हणावयाचे. येथूनच वजनाचा विचार सुरू होतो.

वजन कोठे व किती

ट्रॅक्टरवर घालावयाच्या वजनांचे हेतू दोन आहेत, आणि त्यांची गल्लत होते म्हणून नुकसान होते. पहिला हेतू चाकांची पकड वाढविण्याचा. त्यासाठी मागील चाकांवर बिडाची वजने बसवितात किंवा टायरमध्ये पाणी भरतात. दुसरा हेतू तोल सांभाळण्याचा. त्यासाठी ट्रॅक्टरच्या तोंडाशी वजने टांगतात. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक छोटा ट्रॅक्टर ८०० किलो वजनाचा आहे. त्यापैकी ३२० किलो पुढील चाकांवर व ४८० किलो मागील चाकांवर आहेत, आणि दोन्ही आसांमधील अंतर दीड मीटर आहे. त्याच्या मागे २०० लिटरची फवारणीची टाकी लावली. पाणी, टाकी, पंप व सांगाडा मिळून २८० किलो झाले, आणि हा भार मागील आसाच्या मागे सरासरी ९० सेंटिमीटरवर आला. तराजूच्या न्यायाने हिशेब केला असता पुढील चाकांवरील १६८ किलो भार उचलला जातो व केवळ १५२ किलो उरतो. पुढील चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के भार असावा, असा सुरक्षिततेचा सर्वमान्य दंडक आहे. येथे तो १६० किलो होतो. म्हणजे सपाट जमिनीवर उभा असतानाच हा ट्रॅक्टर उलाळ झालेला आहे. बांध चढताना किंवा खड्ड्यात आदळताना काय होईल, याची कल्पना करावी.

मागील चाकांवर किती भार आला? मूळचे ४८०, टाकीचे २८० आणि पुढून उचलले गेलेले १६८, असे ९२८ किलो. मागील टायरवर आधीच जवळजवळ दुप्पट भार आलेला असताना त्यात पाणी भरणे व्यर्थ आहे. मागील आसावर टाकलेले वजन पुढील चाके तसूभरही खाली आणीत नाही. ती १५२ वरच राहतात. उलट, ६० किलोची वजने पुढील आसाच्या पुढे अर्ध्या मीटरवर टांगली, तर पुढील चाकांवर ८० किलोंची भर पडून २३२ किलो होतात, आणि मागील चाकांवरचा भार २० किलोंनी हलका होतो. साठ किलोंनी ऐंशीचे काम केले. तोंडाशी टांगलेल्या वजनाचे हे सामर्थ्य आहे, आणि बागाइतदाराने नव्या ट्रॅक्टरबरोबर पुढच्या वजनांची चौकट व वजने आग्रहाने मागून घ्यावीत, याचे कारणही हेच आहे.

रोटाव्हेटरच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे. त्याची पाती फिरताना ट्रॅक्टरला पुढे ढकलीत असतात. त्यामुळे मागील चाकांना ओढ फारशी करावी लागत नाही. तेथे मागील वजनांनी पकड वाढवून काहीच साधत नाही; फक्त जमीन दडपते. मागील चाकांवरची वजने खरी लागतात ती नांगरटीला, मोगडणीला, आणि जड ओढीच्या कामाला.

घसरण मोजण्याची सोपी रीत

वजन पुरेसे आहे की नाही हे कोणाच्या सांगण्यावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. मागील चाकावर खडूने खूण करावी. औजार जमिनीत घालून, नेहमीच्या वेगाने काम करीत, चाकाचे १० फेरे होईपर्यंत जावे व सुरुवातीस आणि शेवटी खुंट्या ठोकाव्यात. नंतर औजार उचलून तेवढेच अंतर तशाच जमिनीवर चालावे व फेरे मोजावेत. ९ फेरे भरले तर घसरण १० टक्के. साडेआठ भरले तर १५ टक्के. ८ भरले तर २० टक्के.

शेतात ८ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान घसरण असणे योग्य होय. त्याहून अधिक असेल तर डिझेल व टायर जागच्या जागी फिरण्यात झिजत आहेत. वजन वाढवावे किंवा औजाराची खोली कमी करावी. त्याहून बरीच कमी असेल तर मात्र ते चांगले लक्षण समजू नये. वजन जरुरीपेक्षा जास्त असून ट्रॅक्टर स्वतःचेच ओझे वाहण्यात डिझेल जाळीत आहे, गिअरांवर ताण पडत आहे व जमीन दडपत आहे, असा त्याचा अर्थ आहे. बागेत चाके वर्षभर त्याच दोन पट्ट्यांवरून फिरतात. काळ्या जमिनीत वाफसा येण्यापूर्वी जड ट्रॅक्टर घातला, तर त्या पट्ट्याखाली पाणी मुरत नाही व मुळी चालत नाही. असे दडपलेले थर मोकळे करण्याचा खर्च पुढे शेतकऱ्यालाच सोसावा लागतो.

टायरमध्ये पाणी भरणे स्वस्त आहे, आणि महाराष्ट्राच्या हवामानात ते गोठण्याचे भय नाही. परंतु व्हॉल्व्ह सर्वांत वर येईल असे चाक ठेवून, पाणी व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच, म्हणजे सुमारे ७५ टक्के भरावे. बाकीची जागा हवेसाठी राखावी. टायर पूर्ण भरल्यास त्याचा लवचिकपणा जातो व प्रत्येक धक्का आसावर बसतो. किती लिटर पाणी गेले ते मोजून लिहून ठेवावे. जितके लिटर तितके किलो. पाण्याचा दोष असा, की ते लवकर काढता येत नाही. म्हणून काम बदलेल तसे वजन बदलावयाचे असेल त्याने बिडाची वजने पसंत करावीत.

माणूस हे वजन नव्हे

पुढची चाके उचलू लागली की बॉनेटवर किंवा बंपरवर दोन माणसे बसवावयाची, ही रीत कित्येक गावांत पाहावयास मिळते. कुळवावर पोराला बसविण्याची जी जुनी सवय, तिचेच हे रूप आहे. परंतु बैल थबकतात. ट्रॅक्टर थबकत नाही. पुढे बसलेला माणूस घसरला तर तो थेट चाकाखाली जातो. साठ किलोच्या बिडाच्या वजनांचे पैसे वाचविण्यासाठी साठ किलोचा माणूस तेथे बसविणे, याला काटकसर म्हणता येणार नाही. गावातील कोणत्याही शहाण्या माणसाने हे दृश्य पाहिले तर ट्रॅक्टर थांबवावयास लावावा.

मागे उलटण्याचा अपघात तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडतो. रुतलेली ट्रॉली किंवा ओंडका ओढण्यासाठी साखळी टॉप लिंकला किंवा आसाला बांधली, की ट्रॅक्टर स्वतःच्या मागील आसाभोवती उभा राहतो. ओढीचे काम नेहमी खालच्या हुकानेच करावे. पुढची वजने हा धोका कमी करतात, नाहीसा करीत नाहीत. म्हणून संरक्षक चौकट व आसनाचा पट्टा यांना जोडसामानाच्या यादीत पहिले स्थान द्यावे. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट १९५९ सालीच सक्तीची केली. द्राक्षाच्या मांडवाखाली उभी चौकट अडते ही अडचण खरी आहे. त्यासाठी दुमडणारी चौकट घ्यावी. चौकट उभी असताना पट्टा बांधावा व दुमडलेली असताना बांधू नये. मांडवातून बाहेर आल्यावर ती पुन्हा उभी करण्यास आळस करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

मध्यप्रदेशातील बुधनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. त्यांच्या अहवालांत पी.टी.ओ.ची शक्ती, डिझेलचा खर्च, उचलशक्ती, आणि वजनांसह व वजनांवाचून ओढ किती मिळते, याचे आकडे असतात. शेतकऱ्याच्या हाती मात्र रंगीत पत्रक येते. हे अंतर भरून काढणे गावपातळीवरील कार्यकर्त्याला सहज शक्य आहे. अनुदानाचा अर्ज भरून देताना, पूर्वसंमती येण्याच्या अवधीत, त्याने शेतकऱ्याबरोबर बसून कामांची यादी करावी व अहवालातील चार आकडे वाचून दाखवावेत. दरपत्रकात पुढची वजने, त्यांची चौकट, संरक्षक चौकट व हूक यांचा स्पष्ट उल्लेख असावा, म्हणजे त्यांची किंमत बँकेच्या कर्जातच येईल. मागाहून या वस्तूंसाठी हातउसने करावे लागले, तर त्या कधीच घेतल्या जात नाहीत, हा नित्याचा अनुभव आहे.

साखर कारखान्याचा किंवा बाजार समितीचा भुईकाटाही या कामी उपयोगी पडतो. औजार लावून व उचलून ट्रॅक्टर काट्यावर न्यावा. आधी फक्त पुढील चाके काट्यावर घेऊन वजन पाहावे. मग औजार उतरवून संपूर्ण ट्रॅक्टर तोलावा. पहिला आकडा दुसऱ्याच्या एकपंचमांशापेक्षा कमी भरला, तर पुढे वजन हवे. एवढ्या हिशेबाला पदवी लागत नाही. गावातील एका ट्रॅक्टरवर घसरणीची व तोलाची अशी चाचणी दहा शेतकऱ्यांसमोर करून दाखविली, तर दहा व्याख्यानांचे काम होईल.

वजने महाग पडतात, अशी तक्रार ऐकू येते. ती अगदीच खोटी नाही. पण वजन झिजत नाही, डिझेल पीत नाही, आणि एकदा घेतले की ट्रॅक्टरच्या आयुष्यभर पुरते. कपाशीला भर लावताना ते काढून बांधावर ठेवता येते, आणि टाकी भरून उतारावर जाताना पुन्हा टांगता येते. जमिनीला जेवढे हवे तेवढेच, आणि जेव्हा हवे तेव्हाच, वजन द्यावे, हा जुन्या कुळवाचा नियम नव्या यंत्रासही तंतोतंत लागू आहे. पाळी संपली की शेतकरी दिंडावरचा धोंडा उतरवून बांधाला ठेवीत असे. तीच दृष्टी त्याने ट्रॅक्टरच्या दुकानात जाताना बरोबर न्यावी.